दोन नाकांचा नियम

भटू,

तुझ्या मुठीत सापडलेली बाटली माझ्याकडे आहे. बूच घट्ट बसवलेलं होतं. टाकीच्या तळाशी, शेवटच्या शुद्धीत, तू ती गाळाच्या पाण्यानं भरलीस, वर दोन बोटं हवेला जागा ठेवलीस आणि बूच फिरवून लावलंस. अगदी मी शिकवलं होतं तसं. इतक्या वर्षांत माझ्या वर्गातल्या एका पोरानं न सांगता दोन बोटं जागा सोडली असेल तर शपथ. तू सोडायचास, आणि मला त्याचं फार कौतुक होतं.

तुला जाऊन आज तेरा दिवस झाले. काल पांडेसऱ्यात, तुमच्या गल्लीत मांडव घालून तुझी गंधमुक्ती झाली, आमच्याकडे जिला तेरावं म्हणतात. मी गेले होते, आणि जाताना पिशवीत आपली नोंदवही घेऊन गेले होते. तिथं काय झालं ते तुला सांगायचंय. पण थेट तिथं पोचायचा धीर मला होत नाही, म्हणून आधी बाकीचं बोलून घेते. तू ऐकून घे. नाहीतरी माझं लांबण ऐकायची तुला सवय होती.

एक गोष्ट मात्र पहिल्यांदाच सांगून टाकते, नाहीतर मी ती टाळत राहीन. पोलिसांच्या जबाबावर मी सही केली आहे की तुझा पाय घसरला. तुझा पाय घसरला नव्हता.

तू पहिल्यांदा माझ्या लक्षात आलास तो एका प्रश्नामुळे. दुसऱ्या वर्षाचा वर्ग होता. मी फळ्यावर शेपटीवाला जिवाणू काढून सांगत होते की साखरेचा थेंब ठेवला की हे त्याच्याकडे पोहत जातात. मागच्या बाकावरून तू विचारलंस, ‘मॅडम, त्याले रस्ता कसा माहीत?’ सगळा वर्ग हसला. गुजराती वर्गात तू मराठीतून विचारलं होतंस, त्यात ते ‘त्याले’, मग काय. मी म्हटलं, रस्ता त्याला मुळीच माहीत नसतो. तो फक्त मघाशी आणि आत्ता यांची तुलना करतो. मघापेक्षा आत्ता बरं वाटलं तर सरळ पुढं जातो. वाईट वाटलं तर गिरकी घेऊन दुसरीकडे तोंड करतो. एवढ्याच अकलेवर तो बरोबर पोचतो. तू म्हणालास, ‘आमचे आबा पण असेच सुरतेला पोचले.’

आबा म्हणजे तुझे वडील, हे मला पुढं कळलं. साक्रीकडच्या गावातून आले, आधी उधन्याला लूमवर, मग पांडेसऱ्याच्या डाइंगमध्ये, कापड रंगवायच्या कारखान्यात, रंगाच्या मशीनवर. तुझं बालपण त्या डाइंगच्या मागच्या नाल्याकाठी गेलं. मी साताऱ्याची, बँकेत बदली झालेल्या बापाची मुलगी. अठवा लाइन्सच्या क्वार्टरमध्ये वाढले आणि नाला आला की रिक्षात नाकाला रुमाल लावणारी. तू मला त्यावरून किती छळलंस! ‘ताई, रुमालातून वास गाळून येतो का?’ लॅब असिस्टंट म्हणून लागलास त्या आठवड्यातच तू मला चारचौघांत मॅडम आणि लॅबमध्ये ताई म्हणायला लागला होतास. तुला ते कुणी सांगितलं नव्हतं, आणि मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

आणि पुढं आपण ज्याच्यावर काम केलं तो जिवाणू तूच आणलास. त्याच नाल्यातून, घरचं लोणच्याच्या बरणीचं झाकण बुडवून. सडक्या अंड्यासारखी घाण मारणारा वायू असतो ना, तो पाण्यात विरघळलेला असला की हा पठ्ठ्या खाऊन टाकायचा. फ्लास्कमध्ये सोडला की दुसऱ्या दिवशी फ्लास्कचा वास गेलेला. फक्त आळशी होता. शेपटी असून तो त्या घाणीकडे स्वतःहून जायचा नाही. अंगावर येऊन पडली तर खायचा. ‘आमच्या काकासारखा,’ तू म्हणालास, ‘ताट पुढं ठेवलं तरच जेवणार.’

त्याला नाक बसवायचं, ही कल्पना माझी. हे मी कबूल करते, कारण नंतर कधीकधी तू ती तुझी म्हणून सांगायचास आणि मी भांडायचे. जिवाणूच्या अंगात वास ओळखणारे दांडे असतात. बाहेरचं टोक वास घेतं, आतलं टोक शेपटीला हुकूम देतं. आतलं टोक तसंच ठेवून बाहेरचं बदललं, तर तो आपण ठरवू त्या वासामागे जाईल. मोठ्या शहरांतल्या मोठ्या प्रयोगशाळा हे करत होत्या. आपल्याकडे काय होतं? एक फ्रिज, एक प्रेशर कुकर, आणि बल्ब लावलेली लाकडी पेटी, जिला तू ऊबघर म्हणायचास. दक्षिणेतल्या एका बाईंनी दुसऱ्या जिवाणूच्या नाकाचं जनुक आपल्याला साध्या पोस्टानं पाठवलं. पाकिटात टीपकागदाचा तुकडा, त्यावर पेन्सिलीनं काढलेलं एक वर्तुळ. त्या वर्तुळात काही दिसत नव्हतं. शिपाई पाकीट झटकून म्हणाला, ‘बेन, आमां तो कंई ज नथी.’ यात तर काहीच नाही. तू ते त्याच्या हातातून असं काढून घेतलंस की तो आठवडाभर तुझ्याशी बोलला नाही.

पुढची दोन वर्षं आपण काय केलं ते कुणाला सांगायला गेलं तर लोक जांभया देतील. काचेच्या डबीत पातळ खळीसारखी आगर ओतायची, मधोमध जिवाणू टोचायचे, एका कडेला घाण वासाचा थेंब ठेवायचा. रात्रीत जिवाणू पसरून गोल कडं होतं. त्या कड्यातून थेंबाच्या बाजूला जे सगळ्यात पुढं गेलेत ते उचलायचे, त्या नाकाच्या जनुकाला अतिनील दिव्याखाली थोडं बिघडवायचं, परत टोचायचे. परत, आणि परत. कडं गोलच यायचं. भाकरीसारखं गोल. तू वैतागून म्हणायचास, ‘मायच्या भाकरीपेक्षा गोल येतंय, ताई. याला दुकान काढून देऊ.’

आणि मग त्या सकाळी ते गोल आलं नाही. मी वर्गावरून आले तर तू डबी हातात धरून दारात उभा. कडं थेंबाकडे ओढलेलं होतं, एका बाजूला चोच काढल्यासारखं. तू एवढंच म्हणालास, ‘हा निघाला.’ मी डबी उजेडात धरली, आणि मला रडू आलं. तू खाली जाऊन लोचो आणलास, माझ्या वाट्याचा अर्धा तूच खाल्लास. माझ्या नोकरीतला तो सगळ्यात चांगला दिवस होता, भटू. आजही आहे. आता त्याच्याकडे बघवत नाही, पण तो होता.

दोन नाकांचा नियमही माझाच. वायू मोजायचं यंत्र आपल्याकडे नव्हतं, मग नाक हेच यंत्र. फ्लास्कचा वास गेला की नाही हे दोघांनी वेगवेगळं ठरवायचं, दोघांनी वेगळ्या चिठ्ठीवर लिहायचं, आणि मग वहीत एका ओळीत दोन घरं भरायची. एकात ‘भ’, एकात माझ्या सुनंदाचं ‘सु’. एका नाकाची नोंद धरायची नाही. आणि एकदा हुंगलं की बाहेर पायरीवर जायचं, दहा श्वास घ्यायचे, मगच दुसरा फ्लास्क. कारण नाक दमतं. उदबत्तीच्या खोलीत बसलं की थोड्या वेळानं वास येईनासा होतो, हे उदाहरण मी दरवर्षी वर्गात देते. उदबत्ती जळतच असते, हेही सांगते.

त्यात तुझं नाक म्हणजे गमतीचा विषय. ‘पांडेसऱ्याचं नाक’ म्हणायचे मी त्याला. जन्मापासून त्या नाल्याकाठी राहून ते निम्मं बधिर झालेलं. म्हणून तूच माझ्यापेक्षा नियमाला घट्ट होतास. गेल्या वर्षी मला सर्दी झाली तेव्हा सगळे फ्लास्क तयार होते, मी म्हटलं, तुझ्या एकट्याच्या नाकावर लिहून टाकू. तू वहीच मिटलीस. ‘नियम नियम आहे, ताई. उद्या येऊ.’ उद्या करत करत चार दिवस गेले, फ्लास्क वाया गेले, मी तुझ्यावर चिडले, आणि तुला ढिम्म फरक पडला नाही.

आपलं खरं भांडण निराळं होतं. तुला तो डबीतून बाहेर काढायचा होता. ‘डबीत तो कुणाचं काय भलं करणार?’ हे तुझं वाक्य. बाहेर सोडायला वरची परवानगी लागते, हे माझं. मी अर्ज केला, त्याला उत्तर आलं नाही. येणार कसं? प्लेग होऊन फार दिवस झाले नव्हते. सगळी सुरत गाठोडी बांधून पळाली होती, आणि तेव्हापासून गावात जंतू हा शब्द मोठ्यानं काढायची सोय नव्हती. मी म्हणायचे, थांब. तू म्हणायचास, नाल्याकाठी राहणाऱ्यानं थांबायचं आणि अठवा लाइन्सनं परवानगीची वाट बघायची, हे बरं आहे. ते मला लागलं. मी दोन दिवस तुझ्याशी कामापुरतंच बोलले. पण तुझं म्हणणं डोक्यातून गेलं नाही. आणि शेवटी मी हो म्हटलं. नाल्यात नाही, डाइंगच्या सांडपाण्याच्या एका बंदिस्त टाकीत, एक कॅन. तीन दिवस बघायचं आणि संपवायचं. कुणाला सांगायचं नाही.

टाकी आबांच्याच डाइंगमध्ये होती. डाइंग मास्तर तुझ्या ओळखीचा, तो म्हणाला, बघा बाबा, मी काही बघितलं नाही. ‘फक्त आबांना सांगू नका,’ तू म्हणालास. का, ते मी विचारलं. ‘त्यांना मी तिकडे गेलेलं चालत नाही. लहानपणापासून. फाटकाच्या आत पाय ठेवला तर मार खायचो.’ मला वाटलं, शिकलेल्या पोरानं रंगात हात घालू नये असं बापाला वाटत असणार. आपण सकाळची वेळ धरली, कारण आबा रात्रपाळी करून घरी झोपलेले असायचे. त्यांच्यापासून लपवण्यात मी सामील होते, आणि मला त्याची मजाही वाटली होती.

पहिल्या दिवशी कॅन ओतला. वहीत आहे: वास, खूप. ‘भ’, ‘सु’. दुसऱ्या दिवशी: वास आहे. ‘भ’, ‘सु’. तिसऱ्या दिवशी मला सर्दी होती.

तू विचारलंस. स्कूटरवरून उतरताच विचारलंस, ‘ताई, आवाज बसलाय तुमचा. नाक चालू आहे ना?’ मी म्हटलं, ‘चालू आहे.’

तेरा दिवस मी स्वतःला विचारतेय की मी असं का म्हटलं. त्यानंतर रजा मिळणार नव्हती, हे खरं. मास्तर चौथ्या दिवशी आत घेणार नव्हता, हेही खरं. पण त्याहून खरं हे की मलाही तो निकाल हवा होता. आणि तुझा चेहरा असा होता की ‘उद्या येऊ’ म्हणणं माझ्या जिवावर आलं.

मास्तर झाकण सरकवून चहाला गेला. तू वाकलास. ‘आहे अजून,’ म्हणालास. वाकूनच राहिलास. पायरी नव्हती, दहा श्वास नव्हते. मग तू म्हणालास, ‘कमी होतोय, ताई.’ शिडीच्या दोन पायऱ्या उतरलास. ‘खाली आणखी कमी आहे.’ आणि मग तुझा तो आवाज, डबी हातात धरून दारात उभा होतास तेव्हाचा. ‘गेला! वास गेला! तुम्हाला येतोय का?’

माझं नाक गच्च बंद होतं. मी म्हटलं, ‘नाही. गेला.’ आणि वहीत लिहिलं. वास: नाही. ‘भ’, ‘सु’.

तू तळाचा नमुना घ्यायला खाली गेलास. मघापेक्षा आत्ता बरं, म्हणून सरळ पुढं. मीच शिकवलं होतं ना तुला ते.

आधी बाटली बुडल्याचा आवाज आला. मग काही नाही. मी हाक मारली. मला वाटलं, तू थट्टा करतोयस. मी शिडीवर पाय ठेवला तेव्हा मशीनवरचा एक माणूस धावत आला आणि त्यानं माझं मनगट धरून मला असं मागं ओढलं की मी सिमेंटवर आपटले. त्या माणसानं आणि आणखी एकानं ओली फडकी तोंडाला बांधून, दोर टाकून तुला वर काढलं. वेळ किती गेला ते मला सांगता येत नाही. तुझा चेहरा शांत होता, हे लोक सांत्वनासाठी म्हणतात तसं मी म्हणणार नाही. शांत नव्हता.

मग ते सगळं झालं जे अशा वेळी होतं. मास्तर माझ्या कानाशी म्हणाला, ‘बेन, पग लपस्यो, एम ज लखावजो.’ पाय घसरला, असंच लिहायला सांगा. आमच्या प्राचार्यांनी फोनवर सांगितलं की कॉलेजचं नाव नको, परवानगी नव्हती हे लक्षात ठेवा. पोलिसानं विचारलं, काय झालं? मी म्हटलं, पाय घसरला. त्यानं लिहिलं, मी सही केली. माझी सही त्या दिवशी फार सुरेख आली होती. बाटली मात्र मी कुणाला दिली नाही. पदराखाली धरून घरी आणली.

पाय घसरला, एवढं बोलून मी सुटेन असं वाटलं होतं. पण माझ्या वाक्याला डाइंगच्या शेठच्या माणसांनी शेपूट जोडलं. पाय उगाच कसा घसरेल? ‘पिधेलो हतो.’ प्यायलेला होता. तीन दिवसांत ते सगळ्या गल्लीत झालं. आणि तुझे आबा, ज्यांची दारू तू सोडवलीस, ज्यांच्यासमोर तू बारावीच्या वर्षी जेवण सोडून बसला होतास, त्यांनी पाचव्या दिवशी मला दारात विचारलं, ‘ताई, खरं सांग. मना आंडोर पेयेल व्हता का?’ माझा मुलगा प्यायलेला होता का. मी ‘नाही हो आबा’ म्हणाले. पण मग पाय कसा घसरला, हे त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. ते मान हलवून आत गेले. त्यांचा विश्वास बसला नव्हता.

तुझी बाटली मी लॅबमध्ये नेऊन तपासायला घेतली. तू असतास तर हेच आधी केलं असतंस. आपल्या जिवाणूला आपण खूण दिलेली होती, एका औषधावर बाकी सगळे मरतात आणि तो तेवढा वाढतो. मी त्या औषधाच्या दहा डब्यांत तुझं पाणी पसरलं. दुसऱ्या दिवशी काही नाही. तिसऱ्या दिवशी काही नाही. सहा दिवस ठेवल्या. भटू, त्या टाकीत आपला एकही जिवंत नव्हता. तिथल्या खारानं नाहीतर ब्लीचनं ते बहुतेक पहिल्याच दिवशी मेले. वास त्यांनी घालवला नाही. वास कुठं गेलाच नव्हता. तू खाली उतरत गेलास तसा तो विषारी वायू जास्तच होत गेला असणार. इतका, की नाकानं हात टेकले.

हे तुला सांगितलंच पाहिजे होतं, कारण निकाल काय आला हे तू पहिलं विचारलं असतंस.

काल मी वही घेऊन गेले. मांडवात शंभरेक माणसं होती, गंध लावून झालं होतं, जेवणं बसायची होती. आबा भिंतीला टेकून बसले होते, नखांत तो निळा रंग, जो कशानं जात नाही. आजूबाजूला डाइंगमधली माणसं. त्यात मला ओढणारा तो माणूसही होता. तुझ्या मायनं मला बघितलं, पाण्याचा पेला पुढं केला. ‘बठ, ताई. पानी पे.’ मी बसले नाही. बसले असते तर उठून बोलता आलं नसतं.

मी म्हटलं, ‘आबा, भटू प्यायलेला नव्हता. त्याचा पायही घसरला नाही. मी पोलिसांना खोटं सांगितलं.’ मी सगळं सांगितलं. जिवाणू, कॅन, परवानगी नव्हती ते, आबांपासून लपवलं ते. मग वही उघडून तीन दिवसांच्या तीन ओळी वाचल्या.

‘आखो एकडाव वाच,’ आबा म्हणाले.

मी परत वाचल्या. तिसरी ओळ: वास, नाही.

‘वास चालना गया, आसं बोलना तो?’

‘हो. आनंदानं ओरडला.’

आबांनी डोळे मिटले. डाइंगमधली माणसं एकमेकांकडे बघायला लागली, आणि त्या बघण्यावरून मला कळलं की इथं माझ्याशिवाय सगळ्यांना काहीतरी माहीत आहे.

‘टाकीना वास चालना गया म्हंजे पयी जावानं, ताई,’ आबा म्हणाले. ‘वास येस तवलोंग भीती नही. चालना गया का तठे उभं ऱ्हावानं नही. आठे काम करस त्या सगळासले माहीत शे.’

वास गेला की पळायचं. रंगाच्या मशीनवरच्या प्रत्येक माणसाला हे माहीत होतं. माझ्याकडे दोन पदव्या, फळ्यावर काढलेली उदबत्ती आणि दोन नाकांचा नियम. तीन दिवस आपण त्या माणसांच्या बाजूनं येत-जात होतो आणि त्यातल्या एकालाही मी विचारलं नाही की दादा, या टाकीपाशी काय सांभाळावं लागतं.

‘मग भटूला हे कुणी…’ मी विचारलं.

‘त्याले कोन सांगी?’ आबा म्हणाले. ‘मी त्याले फाटकना मझार पाय ठेवू दिधा नही. मारं त्याले. तो शिकी, सायेब व्हई, आठे कसाले ई? म्हनीसन मी त्याले हाई गोट सांगीच नही.’

तो शिकेल, साहेब होईल, इथं कशाला येईल. म्हणून ही गोष्ट त्याला सांगितलीच नाही. मला वाटत होतं की तुझ्या मरणाचं ओझं माझ्या एकटीच्या डोक्यावर आहे. ते उतरवायला म्हणून मी गेले होते, आणि अर्धं त्या म्हाताऱ्याच्या डोक्यावर ठेवून आले. याची मला क्षमा नको आहे. फक्त तू तरी त्यांच्यावर रागावू नकोस. त्यांनी तुला त्या वासापासून वाचवायला सगळी हयात घालवली.

थोड्या वेळानं आबा उठले. माझ्या हातातल्या वहीवर त्यांनी बोट ठेवलं, तिसऱ्या ओळीच्या टोकाला. वाचता येत नाही त्यांना, पण दोन घरं आहेत एवढं त्यांना दिसलं होतं. ‘आठे काय लिखेल शे?’

‘माझं नाव, आबा. म्हणजे मीही वास घेतला.’

‘लिधा व्हता?’

‘नाही. मला सर्दी होती. नाक बंद होतं.’

‘मंग काबर लिखं?’

मग का लिहिलंस. शंभर माणसांत त्या माणसानं एवढंच विचारलं. ओरडून नाही, समजत नाही म्हणून विचारतात तसं.

आबा मांडवाकडे वळले आणि म्हणाले, ‘आयकं ना सगळासनी? मना भटू पेयेल नव्हता.’ आणि मग ते खाली बसून रडले, तेरा दिवसांत पहिल्यांदा, असं माय म्हणाली.

सोमवारी मी जबाब बदलायला जाते आहे. आबा म्हणाले, ‘मी बी येस.’ प्राचार्यांना मी सांगितलंय. नोकरी जाईल, असं ते म्हणाले आणि ते बरोबरच आहे. वही पोलिसांकडे जाईल, म्हणून आज ती शेवटची माझ्या टेबलावर आहे, शेजारी तुझी बाटली.

नोंद कधी खोडायची नाही, एक रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, हे तू नव्या पोरांना दरडावून सांगायचास. मी तसंच केलं. तिसऱ्या ओळीतल्या ‘सु’वर एक रेघ मारली आणि शेजारी लिहिलं: त्या दिवशी सर्दी होती, वास घेतला नाही. खाली आजची तारीख घातली.

आता त्या ओळीत एकच नाक आहे, भटू. त्या सकाळी मी ते घर असंच मोकळं ठेवलं असतं तर तू माझ्या हातातून वही घेऊन मिटली असतीस, टाकीचं झाकण परत बंद केलं असतंस आणि म्हणाला असतास, ‘नियम नियम आहे, ताई. उद्या येऊ.’